चिघळणारं अंग

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर जुन्या वैद्यकाचं वेड लागलं. जन्मभर इथे इंग्लंडात हॉस्पिटलात सर्जन, आता काचेच्या जुन्या सिरिंजा गोळा करत बसतात. परवा लेस्टरच्या आपल्या मराठी मंडळात त्यांचं भाषण होतं, एकोणिसाव्या शतकातल्या इंजेक्शनांवर. मी पहिल्या रांगेत, काठी घेऊन. गुडघा बदलून घ्या म्हणून डॉक्टर केव्हाचे मागे लागलेत, पण मी नाही म्हणते. कारण माझं अंगच चिघळणारं.

हे मी नाही, सासूबाई म्हणायच्या. खूप वर्षांपूर्वीची गोष्ट, घरात गणपती बसला होता. मी शाकाहारी, बी-ट्वेल्व्ह कमी, म्हणून हे मला घरीच इंजेक्शन देत. त्या दिवशी पूजा आटोपून हे सोवळ्यातच उठले आणि आरतीला लोक यायच्या आत माझं उरकून टाकलं. मांडीवर सुईशेजारी अष्टगंधाचं बोट उमटलं होतं. विसर्जनापर्यंत मांडी टरारून फुगली. हॉस्पिटलात चिरावी लागली. पुढे कित्येक आठवडे नर्स घरी येऊन जखमेत गॉजची पट्टी कोंबायची आणि मी उशी चावायचे. "हिचं अंगच चिघळणारं," सासूबाई येईल त्याला सांगत. हे मान डोलवत. सर्जनच मान डोलवतोय म्हटल्यावर मी कशाला शंका घेऊ?

"सुई कोटाच्या बाहीला पुसायची नि टोचायची!" भाषणात हे अगदी रंगात आले होते. "मग गळवं व्हायची, माणसं दगावायची. आणि डॉक्टर काय म्हणायचे? रोग्याची प्रकृतीच वाईट! अहो, दोष स्वतःच्या हाताचा, नि खापर फोडायचं रोग्याच्या माथी!"

सगळे हसले. माझी मात्र कानशिलं तापली. अगं बाई, म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक आहे की!

गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "त्या दिवशी हात धुतले होते तुम्ही?"

कुठला दिवस, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "सोवळ्यात होतो गं. आंघोळ करून..."

"सोवळं देवाला चालतं. सुईला?"

किल्ली फिरवत म्हणाले, "गळू पाहिलं तेव्हाच कळलं होतं. पण आईसमोर कसं बोलणार? घरात सर्जन असून असं झालं म्हणजे..."

म्हणजे ह्यांची अब्रू राहिली आणि माझं अंग बदनाम झालं! जळो मेली ती अब्रू! जिने चढताना रडले, नातीमागे कधी धावले नाही, ते ह्यांनी डोलवलेल्या मानेपायी.

सोमवारी हॉस्पिटलात जाऊन ऑपरेशनला हो म्हटलं. तिथल्या नर्सनं विचारलं, घरी जखमेकडे बघायला कोण आहे? हे लगबगीनं पुढे झाले. "मी आहे ना. मी स्वतः सर्जन."

"नको," मी म्हटलं. "तुमची नर्स पाठवा. ह्यांचा हात माझ्या जखमेला लागता कामा नये."