लिंबाखाली थांबणारी गाडी

चांदपाशा आमचे शेजारी. लातुरात नांदेड रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे. त्यांची स्वतःची गाडी जुनी, पांढरी, कार्बोरेटरवाली. तिला एक खोड होती. सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायची; पण लांबचा पल्ला मारून बंद केली, की थंड होईपर्यंत पुन्हा सुरू होत नसे.

"अशा वेळी आधी नाक लावायचं, साहेब," ते मला सांगत. "पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरमधी जास्त झालंय. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा अन् चावी मारायची. वास न्हाई आला तर पंपात वाफ धरली. त्याच्यावर ओलं फडकं टाकायचं अन् गप बसायचं."

हे बसणं बहुतेक मुखेडच्या वाटेवर घडे. मुखेड म्हणजे त्यांच्या बायकोचं, हसीनाभाभींचं माहेर. अर्ध्या वाटेत एका हॉटेलापाशी मोठा लिंब आहे. तिथं चहाला उतरले की गाडी अडलीच. भाभी आपली जुनी हिरवी ओढणी भिजवून देत, ते ती पंपावर पसरत आणि दोघं लिंबाखाली बसत.

"अजी, गावाच्या गाड्या पळवता, अन् घरचीच बसलेली," भाभी टोमणा मारत.

"करतो की रिपेर."

"ऱ्हाऊ द्या. घरी तुम्ही सापडता कुठं?"

गेल्या वर्षी भाभींना पोटाचा कॅन्सर निघाला. उन्हाळा लागला तसे डॉक्टर म्हणाले, आता घरीच सांभाळा. भाभींना एकदा माहेरचं घर बघायचं होतं. वाटेत त्यांना उन्हात ताटकळावं लागू नये, म्हणून चांदपाशांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून आपली गाडी उघडली. इंजिनाची धग वर चढू नये म्हणून कार्बोरेटरखाली जाड पॅकिंग असतं. तिथं कागदासारखं पातळ निघालं.

"माझ्याच हातानं टाकलेलं, साहेब. तवा जाड मिळालं न्हाई. म्हणलं, पुढं बदलू."

त्यांनी जाड पॅकिंग बसवलं, पेट्रोलची नळी इंजिनापासून लांब बांधली आणि भाभींना घेऊन निघाले. पुढचं त्यांनीच नंतर मला सांगितलं.

"लिंब आला तशी ती म्हणली, थांबायचं न्हाई? मी खुशीत होतो. म्हणलं, आता गाडी अडतच न्हाई, कशाला थांबायचं? ती म्हणली, बरं, येताना थांबू."

भाभी माहेरीच वारल्या. मुखेडच्या कबरस्तानात त्यांना दफन केलं. चांदपाशा एकटे परतले, तेव्हा लिंबापाशी थांबले नाहीत.

भाभींच्या चाळिसाव्या दिवसाला मी त्यांच्यासोबत मुखेडला गेलो. परतताना त्यांनी लिंबापाशी गाडी घेतली आणि बंद केली. ऊन रणरणत होतं. आम्ही चहा घेतला, गाडीत येऊन बसलो. त्यांनी चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

ते स्टेअरिंग धरून तसेच बसले, इंजिनाचा आवाज ऐकत. मग त्यांनी गाडी बंद केली. पेट्रोल वाढवणारा चोक पूर्ण ओढला. पायानं ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला, कितीतरी वेळ. चावी मारली. इंजिन नुसतं फिरत राहिलं.

पेट्रोलचा वास माझ्यापर्यंत आला. त्यावर काय करायचं, ते त्यांनीच मला शिकवलं होतं. पण ते त्यांनी केलं नाही. खाली उतरून बॉनेट उघडलं. डिकीतून हिरवी ओढणी काढली, हॉटेलाच्या पिंपात भिजवली आणि पंपावर पसरली. तिच्या घड्या हातानं नीट केल्या.

"थोडं बसावं लागंल, साहेब," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

"बसू की. मला कसली घाई?"

मी गाडीतच थांबलो. ते लिंबाखाली जाऊन बसले, शेजारी जागा सोडून.

त्या उन्हात ओढणी वाळायला कितीसा वेळ लागणार? वाळली, तसे ते उठले आणि पुन्हा भिजवून आले.