वाजवून घेतलेला कोळसा

माझा थोरला भाऊ बाजारात टोमॅटोला कधी हात लावून बघायचा नाही. भाजीवाली देईल ते पिशवीत, वहिनी आणतील तो शर्ट अंगात. पण कोळसा घ्यायला गेला की हा माणूस सोनाराला लाजवायचा. मंचरला हायवेलगत आमचं छोटं हॉटेल आहे. तंदूरची कोंबडी आणि शेगडीवर भाजलेले मासे खायला लोक मुद्दाम गाडी थांबवतात. आमचा टेम्पो दिसला की बाजारातला कोळसेवाला कपाळाला हात लावायचा.

दादा आधी पोतं ताडपत्रीवर ओतायला लावायचा. मग दोन खडे उचलायचा आणि कानाजवळ धरून एकमेकांवर आपटायचा. खण्ण वाजला तर घ्यायचा. ठक्क वाजला तर कच्चा, नाहीतर वजन भरायला पाणी मारलेला, तो बाजूला. शंका आली तर एक खडा मोडून बघायचा. आत काळाभोर चकचकीत पाहिजे. तांबूस रेघ दिसली की लाकूड अजून शिल्लक आहे, ते धुरणार आणि कोंबडी कडू करणार. आंब्याचा कोळसा लगेच पेटतो पण ठिणग्या उडवतो, बाभळीचा उशिरा पेटतो पण आच धरून ठेवतो, म्हणून त्याला बाभळच लागायची. मशीनमध्ये दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या त्याला दाखवल्या तेव्हा म्हणाला, ह्या तर गोवऱ्यांच्या शिकलेल्या बहिणी. पुण्याच्या पोरांना धुराचा वास हवा असला की निखाऱ्यावर जांभळाची वाळकी ढलपी टाकून वर झाकण ठेवायचा. वास लाकडानं द्यावा, कोळशानं धूर केला की समजायचं आपण फसलो, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मला त्या वाजवण्याचा वैताग यायचा. उन्हात टेम्पो तापतोय आणि हे राजे खडे आपटत बसलेत. एकदा मी म्हणालोसुद्धा, राव, कोंबडी भाजायचीय का कोळशाशी सोयरीक जुळवायचीय? तो हसला आणि पुढचे दोन खडे त्यानं माझ्या कानाला लावले. मी गल्ला बघायचो, गिऱ्हाईक बघायचो. कोळसा त्याचा होता.

गेल्या उन्हाळ्यात गावी, महाळुंगे पडवळला, आमच्या बांधावरची जुनी बाभळ वादळात आडवी झाली. दादाला लॉटरी लागल्यासारखं झालं. त्यानं ती तोडून पत्र्याच्या शेडमध्ये रचली, वाळू दिली. वहिनींचं माहेर आणे गावचं. तिथला एक ओळखीचा माणूस लोखंडी पिंपात कोळसा पाडतो. त्यानं येऊन निम्मी बाभळ नेली. उरलेली दिवाळीनंतर नेणार होता.

ती त्याला न्यावी लागली नाही. आषाढात एका सकाळी तंदूर पेटवता पेटवता दादा छातीला हात लावून खाली बसला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला.

पावसाची झड लागलेली. स्मशानातलं लाकूड ओलं होतं. भावकीत कुणीतरी म्हणालं, शेडमध्ये वाळकी बाभळ आहे की. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. दादाला मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी मीच दिला. मला काही वाटलं नाही. लोक रडत होते आणि मी बघत होतो की बाभळ छान पेटलीय.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. पाणी शिंपडून राख निववली आणि आम्ही चारपाच जण अस्थी वेचायला बसलो. माझे हात चालले होते, डोकं कुठं होतं देव जाणे. चुलत्यांनी माझं मनगट धरलं तेव्हा मी खाली बघितलं. माझ्या गुडघ्याजवळ कोळशाचा नीट ढीग होता, मुठीएवढे खडे एका बाजूला, बारीक एका बाजूला. हातात दोन होते, आणि ते मी नुकतेच कानाजवळ वाजवले होते. आयुष्यात कधी वाजवले नव्हते, ते तिथं वाजवले.

"आरं, काय करतूस हे?" चुलते हळू आवाजात म्हणाले.

मी खडे खाली ठेवले. लाज वाटायला पाहिजे होती, तीही वाटली नाही. राख नदीत सोडायचं आता आमच्याकडं बंद झालंय. बांधावर जिथं बाभळ होती तिथंच खड्डा घेऊन राख टाकली, वर आंब्याचं रोप लावलं. गावात मात्र दोन दिवसांत बोभाटा झाला की धाकट्यानं सरणाचा कोळसा हॉटेलसाठी निवडला. गावाचं तोंड कोण धरणार? आणि कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणून मीही खुलासा करत बसलो नाही.

तेरावा झाल्यावर वहिनींचे भाऊ आले. माणसं चांगली, बोलणंही सरळ. हॉटेल चालणार असेल तर ताईनं राहावं, नाहीतर आण्याला चलावं, इथं नुसतं भिंतींकडं बघत बसून काय करणार? वहिनी म्हणाल्या, तंदूर पेटला तर मी ऱ्हाते. वीस वर्षं मसाला त्यांच्याच हातचा लागत होता, हॉटेल जितकं दादाचं तितकंच त्यांचं. भाऊ म्हणाले, अमावास्येनंतर परत येतो, तवर ठरवा.

मी बाजारातून कोळसा आणला. वाजवायला हात वर गेला, पण कानापर्यंत पोचेना. मग डोळ्यानं बघूनच घेतला, काळा होता, मोठा होता. पेटवला तर तडतडला आणि हॉटेलभर धूर. नेहमीचं एक गिऱ्हाईक अर्धं ताट ठेवून उठलं. पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानातनं आणला, तो त्याहून वाईट. आगीतून फुफाट्यात. मी वहिनींना म्हणालो, गॅसचा तंदूर घेऊ या. त्या म्हणाल्या, घ्या की. पण मसाला वाटायला उठल्या नाहीत. आतल्या खोलीत त्यांची बॅग भरून ठेवलेली मला दिसली.

खरं म्हणजे मागच्या खोलीत कोळसा होता. आण्याच्या माणसानं पाडून पाठवलेली त्याच बाभळीची पोती, दादा गेला त्याच आठवड्यात येऊन पडलेली. घरात त्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. मी त्या खोलीचं दार उघडायचंच सोडलं होतं.

भाऊ न्यायला येणार त्या दिवशी सकाळी बघतो तर दार उघडं. वहिनी ताडपत्री अंथरून बसल्या होत्या आणि एक पोतं ओतलेलं होतं. मी म्हणालो, वहिनी, ह्याला हात नका लावू, हे त्याच झाडाचं आहे.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "शेडमधी वाळकं लाकूड हाय हे भावकीला मीच सांगितलं व्हतं. ओल्यावर कसं जाळू द्यायचं त्यांना?"

मी उंबऱ्यावर बसलो. त्यांनी एक खडा उचलला, पुसला, परत ठेवला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "भावजी, सावडायला गेलात तवा तुमी वाजवून बघितला म्हणं. कसा वाजला?"

गावानं मला ह्यावरून काय काय ऐकवलं होतं. कसा वाजला हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. आणि मला तो आवाज स्वच्छ आठवत होता.

"चांगला वाजला, वहिनी," मी म्हणालो. "खणखणीत."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. मग घमेलं माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाल्या, तसलेच काढा. मी दोन खडे उचलून कानाजवळ आपटले, आणि मग पुढचे दोन. त्या मसाला वाटायला उठल्या.

त्यांचे भाऊ आले तेव्हा तंदूर लाल झाला होता. मी समोर चिमटा धरून उभा होतो आणि रडत होतो, चांगला हुंदके देऊन, इतक्या दिवसांचं. भाऊंनी विचारलं असतं तर धूर गेला डोळ्यात असं म्हणता आलं असतं, पण त्या कोळशाला धूर अजिबात नव्हता.