नव्वद टक्के गुरुत्वाकर्षण

मुलीनं मराठीत बोलावं, हा हट्ट माझा. आमच्या हिंदीभाषक शहरात, राइट टाउनमधल्या मराठी मंडळात तिचं व्याख्यान ठरलं, तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, हिंदीत बोलते ना. मराठीत माझं अडते." मी ऐकलं नाही.

अंतराळात अर्धसंवाहकांचे स्फटिक कसे वाढवायचे, यावर ती संशोधन करते. मंडळात तिनं दुधाचं उदाहरण घेतलं. पातेलं गॅसवर ठेवलं की तळचं गरम दूध वर येतं, वरचं गार खाली जातं. भट्टीत वितळलेल्या पदार्थातही असंच ढवळत राहतं आणि स्फटिक सगळीकडे सारखा होत नाही. "अंतराळात गुरुत्वाकर्षण नसल्यासारखं असतं, म्हणून हे थांबतं." शब्द शोधत होती, पण लोक ऐकत होते.

मी उभा राहिलो. कारखान्यात माझं काम तपासणीचं. आदल्या दिवशी मी हिशेब करून पाहिला होता. "यान फिरतं त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण इथल्या जवळपास नव्वद टक्के असतं. मग दूध वर काहून येणार नाही?"

हे घरी जेवताना विचारता आलं असतं. मला ते सभेतच विचारायचं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, घरी तोंडी परीक्षा राहून गेली काय?" लोक हसले.

तिनं मराठीत सुरुवात केली, अडली, आणि हिंदीत गेली. यान, भट्टी, वितळलेला पदार्थ, सगळंच एकत्र पृथ्वीकडे पडत असतं. म्हणून गरम भाग वर चढत नाही. इतकं साधं होतं. पुढे ती चुंबकाबद्दल बोलली, तेही हिंदीतच, शेवटपर्यंत. माझे कान तापले होते. मला काही कळलं नाही.

स्कूटरवर मागे बसताना ती एवढंच म्हणाली, "आकडा बरोबर होता, बाबा."

सकाळी चहाला मी विचारलं, "ते चुंबकाचं मला समजलं नाही. सांगशील?"

"हिंदी में बताऊँ?"

"सांग."

तिनं नीट सांगितलं. अंतराळातही द्रवात थोडी हालचाल उरते. वितळलेल्या पदार्थातून वीज वाहू शकते, म्हणून चुंबकीय क्षेत्रात त्या हालचालीला ब्रेक लागतो. मध्येच आतून तिच्या आईनं विचारलं, पोह्यांत शेंगदाणे घालू का.

"घाल ना, आई. थोडे जास्तच घाल," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून पुन्हा हिंदीत सांगू लागली.