शेखररावांच्या गाडीतला काटा

मंडळी, रागवू नका, पण असले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलोय. पांढरी साडी, मागून आलेली हाक, वळून पाहिलं तर कुणी नाही... छे! मला हे कधी पटलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही पटत नाही. माझी अख्खी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत गेली. काम काय, तर दाब मोजणारे गेज तपासायचे. काटा चुकीचं दाखवत असेल तर कुठेतरी गळती असते, गंज असतो, नाहीतर माणसाचा हलगर्जीपणा. चौथं कारण नसतं, असं मी नव्या ट्रेनींना छातीठोकपणे सांगायचो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. आम्ही मयूर विहारमध्ये सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर राहायचो. मी, बायको नीलिमा आणि खाली उभी असलेली आमची स्कूटर. माझा साडू शेखर, म्हणजे नीलिमाच्या धाकट्या बहिणीचा, मेघनाचा नवरा, परदेशी कंपनीत मार्केटिंगला लागला होता. गुडगावला शेतात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तिथल्या नव्या फेजमध्ये त्याचा फ्लॅट. खिशात मोबाईल, महिन्यातून चारदा विमान. आणि वर तो सतत "अहो, कंपनी देते, आपलं काय त्यात" असं नम्रपणे म्हणायचा. त्या नम्रपणानं तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. शेखर पुण्याला पहिल्यांदा बघायला आला होता तो नीलिमाला. पोहे झाले, गाणं झालं, दोन्हीकडे पसंती झाली... आणि पत्रिकेत एकनाड निघाली. त्याच्या आईनं नकार कळवला. पुढे माझं स्थळ आलं. आमच्या घरात पत्रिका बघायची पद्धतच नाही, लग्न झालं. मग काही काळानं शेखरच्या आईनं त्याच घरात मेघनासाठी विचारलं. तिची पत्रिका छान जुळली. सासरी या गोष्टीवर जेवताना सगळे हसतात. मीही हसतो. पण मनातून एकच प्रश्न मला पोखरायचा — नीलिमाला कधी वाटत असेल का, की ती एकनाड आडवी आली नसती तर आज गुडगावच्या त्या फ्लॅटमध्ये मी असते? विचारायची हिंमत कधी झाली नाही.

तर एका रविवारी सकाळी शेखर नवीन गाडी घेऊन आमच्या दारात हजर. नवीन म्हणजे त्याच्यासाठी नवीन. कुठल्याशा दूतावासातल्या साहेबानं आणलेली जुनी जपानी गाडी, टर्बोवाली. साहेब मायदेशी परतला आणि गाडी यानं घेतली. सोसायटीतली अर्धी माणसं खाली उतरली. शेजारचे चड्ढाजी बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, "वाह जी, आपके साढू साहब तो छा गए!" मी आमची स्कूटर हळूच बाजूला सरकवली, खरंच सांगतो.

"अविनाशराव, हे तुमचं डिपार्टमेंट आहे," शेखर म्हणाला. "हा बूस्ट गेज मधेच येड्यासारखं करतो. मेकॅनिकला समजत नाहीये."

बूस्ट गेज म्हणजे डॅशबोर्डवरचं एक छोटं घड्याळ. इंजिनपासून एक बारीक रबरी नळी थेट त्याच्या पाठीत येते. गाडी नुसती चालू असेल तर इंजिन हवा ओढत असतं, काटा शून्याच्या डावीकडे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टर्बो हवा कोंबतो, काटा उजवीकडे. गाडी बंद, काटा शून्यावर. इतकं साधं प्रकरण.

मी शेजारी बसलो, शेखरनं गाडी जागेवरच चालू केली. काटा डावीकडे, शहाण्यासारखा. एवढ्यात नीलिमा चहा घेऊन खाली आली. माझ्या बाजूच्या खिडकीतून वाकून कप माझ्या हातात देत म्हणाली, "गरम आहे हं, जीभ भाजेल, नेहमीसारखी." ...आणि काटा सरळ उजवीकडे चढला. इंजिन तसंच घुरघुरत होतं, शेखरचा पाय जमिनीवर! असं होऊच शकत नाही. मी म्हटलं, नळीच खराब असणार.

नळी काढली तर खरंच कडक झालेली, एके ठिकाणी बारीक चीर. पण चिरेतून हवा गळली तर काटा कमी दाखवेल, जास्त कसा दाखवेल? तरी नवी नळी घातली. गेज ऑफिसात नेऊन आमच्या स्टँडर्ड गेजशी ताडून पाहिला. बिल्कुल चोख. परत बसवून मी एकटाच नोएडा रोडवर लांब चक्कर मारून आलो. काटा अगदी नमुनेदार. गाडी मात्र काय होती हो! मागून कुणीतरी हातानं ढकलावं तशी पळायची. परत येईपर्यंत मी शेखरचा जितका राग राग केला तितका जन्मात केला नसेल.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन. "अहो, पुन्हा तेच! म्हणजे गुडगावात ठीक असतं. ऑफिसला जाता-येता ठीक. यमुना ओलांडून तुमच्याकडे आलो की बिनसतं."

"पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये तापत असेल," मी म्हटलं. आपल्याला कळत नाही हे त्याच्यापुढे कबूल करणं शक्यच नव्हतं.

मग करोल बागेत जाऊन नवा गेज आणला. दुकानदारानं डबी उघडून दाखवली, "पैक्ड पीस है जी, आँख बंद करके लगाओ." लावला. आणि यावेळी मी तपासणीची आमची नेहमीची पद्धत वापरली. इंजिनकडचं तोंड बुजवून टाकलं आणि नळी गेजपासून सोडवून ठेवली. गेजला आता कशाचाच संबंध नाही. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून राहायला हवा. तो हलला तर दोष गेजमध्ये, नाही हलला तर इंजिनमध्ये.

त्या दिवशी आम्ही चौघं कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात जेवायला गेलो. दिल्लीत राहून पिठलं-भाकरीची तलफ आली की तिथेच जायचं. परत निघालो तेव्हा शेखर चालवत होता, मी शेजारी, मागे दोघी बहिणी. मेघना सांगत होती, "भावोजी, आता मोठा फ्लॅट बुक केलाय. तीन बाथरूम! मी यांना म्हटलं, माणसं दोन आणि बाथरूम तीन, धुणार कोण?" सगळे हसले. माझा जळफळाट चालू होता. तेवढ्यात नीलिमा मागून पुढे झुकली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अहो, पान घेऊया ना जाताना." आणि नळी नसलेल्या गेजचा काटा हळूहळू उजवीकडे सरकला.

मी पटकन गेजवरून नजर काढली. कारण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, हा काटा माझा आहे! आत मी जळतोय आणि हे यंत्र ते दाखवतंय. जन्मभर मी गेज तपासत आलो... आणि आता मलाच मोजणारा एक! कुणाला कळलं तर? मी मुद्दाम शेखरकडे पाहिलं. तो समोर रस्त्याकडे बघत होता, जबडा घट्ट आवळून.

पुढच्या शनिवारी शेखरला दुपारच्या विमानानं टूरवर जायचं होतं. "तुमच्याकडेच ठेवतो गाडी, निवांत बघा," म्हणून तो सकाळीच आला. चहा घ्यायला वर गेला, तेव्हा मी खाली गाडीत एकटा बसलो. नळी सुटी, इंजिन बंद. म्हटलं, आता होऊन जाऊ दे. डोळे गेजवर रोखले आणि जळायला सुरुवात केली. तीन बाथरूम आठवले. मोबाईल आठवला. चड्ढाजींचं "छा गए" आठवलं. पुण्यातली ती बैठक, पदर सावरून पोह्यांच्या बशा देणारी नीलिमा, समोर हा... इतका जळलो की कानशिलं तापली. काटा? ढिम्म! शून्यावरून तसूभर हलेना.

मग शेखर खाली आला आणि स्टिअरिंगपाशी बसला. मी बाहेर उभा राहून दारातून आत वाकलो होतो, नळी माझ्या हातात. त्याला समजावत होतो की इंजिनचा काही संबंध नाही. डिसेंबरची थंडी होती. नीलिमा तरातरा जिना उतरून आली, माझा स्वेटर माझ्या डोक्यातून घालत करवादली, "किती वेळा सांगायचं? रात्रभर खोकत बसता आणि मग मला झोप नाही. हात घाला!" आणि माझी कॉलर सरळ करून, पाठीवर एक चापटी मारून निघून गेली.

काटा पार टोकाला जाऊन टेकला होता. थरथरत होता. मी गेजकडे पाहिलं आणि मग शेखरकडे. तो गेजकडे बघतच नव्हता. तो माझ्या स्वेटरच्या कॉलरकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बरोबर ओळखलं. रोज दाढी करताना मला आरशात तेच दिसायचं.

जिन्यात नीलिमाची पावलं ऐकू येईनाशी झाली तसा काटा सावकाश शून्यावर आला.

"काय... काही सापडलं?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "गेज ठीक आहे."

टॅक्सी आली, तो गेला. आणि मला आठवत गेलं की बायकोच्या थोरल्या बहिणीला माणसानं ताई म्हणावं, पण हा तिला नुसतं 'नीलिमा' म्हणायचा. आजवर मला तो मॉडर्नपणा वाटत होता.

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता ना? ज्याच्यावर मी जळत होतो तो माझ्यावर जळत होता! पण छे. आता तर मी दुप्पट पेटलो. संध्याकाळी नीलिमा मेथी निवडत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं, काट्यासकट. ती आधी काट्यावर खो खो हसली. मग शेखरचं ऐकून म्हणाली, "तुम्हाला हे आत्ता कळलं?"

"म्हणजे? तुला..."

"मेघनाच्या लग्नात, अक्षता टाकतानाच कळलं होतं. बघत कुठे होता तो! म्हणून तर मी त्याच्यासमोर तुमच्याशी जरा जास्तच बायकोपणा करते. त्याला समजावं म्हणून. तुमच्यापाशी बोलले असते तर तुम्ही भांडला असता, आणि संसार माझ्या बहिणीचा मोडला असता."

 मला माझा प्रश्न विचारायचा होता, तोंडाशी आला होता. नवरा-बायकोच्या इतक्या वर्षांत तिला माझा चेहरा वाचता यायला लागलाच होता. तिनं मेथी बाजूला सारली, हात पुसले आणि किल्ली उचलली.

"चला खाली."

"कशाला?"

"तुम्हाला माझंही मोजायचंय ना? मोजा."

ती रागानं फणफणत उतरली, गाडीचं दार उघडून स्टिअरिंगपाशी बसली. मी मागच्या सीटवर बसून दोन सीटांमधून पुढे वाकलो. अजून उजेड होता. नळी सुटीच होती. समोर बघत ती म्हणाली, "हं. मी शेखरचा विचार करतेय. गुडगावच्या फ्लॅटचा, तीन बाथरूमचा, त्या एकनाडीचा. बघा आता."

मंडळी, उभा जन्म मी काटे वाचले. त्या दिवशी मी डोळे मिटून घेतले. काटा हलला असता तर मी त्यानंतर तिच्या हातचा चहा कसा प्यायलो असतो?

"बघितलंत?" तिनं विचारलं.

"हो."

"किती होता?"

"शून्य."

"खोटारडे," ती म्हणाली. "डोळे मिटले होते तुम्ही. मला आरशात दिसत होतं."

मग ती उतरली, दार लावलं आणि जिना चढायला लागली. दुसऱ्या दिवशी मी तो गेज उखडून तिथे झाकण बसवलं. शेखरनंही का म्हणून विचारलं नाही. काढलेला गेज ऑफिसात पुन्हा तपासला, कुठलाही दोष नाही. हवेशिवाय काटा कशानं चढला याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

पण मला खरं छळतं ते दुसरंच. मी डोळे मिटले तेव्हा नीलिमाचे उघडे होते आणि गेज तिच्या समोर होता. मी कितीदा विचारलं — लाडीगोडीनं, चिडून, एकदा आजारपणात, डोळ्यांत पाणी आणूनसुद्धा.

ती म्हणते, "तेव्हा बघायचं होतं."