शिलाई मशीनवरचं विमान

बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत होते. पिशवीतला फोन थरथरत राहिला, तेव्हा मॅडमनीच घे म्हणून खूण केली. शेजारच्या वहिनी होत्या. काकांच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, पण काका गेले, मावशी तिथंच आहे, तू घरी जाऊ नको, सरळ दवाखान्यात ये, असं त्या एका दमात बोलल्या. मी म्हणाले, "काका गेले. मावशी दवाखान्यात आहे. मी सरळ तिकडे येते." धक्क्यानं पोरगी काहीतरी बडबडते आहे असं वहिनींना वाटलं असणार... धक्का बसलाच होता. पण ऐकलेली गोष्ट परत म्हणून दाखवायची सवय मला काकांनी लावली होती, आणि ती त्यांच्याच बातमीच्या वेळी तोंडून बाहेर पडली. त्याला आता काही आठवडे झाले. असं काही मी पहिल्यांदाच लिहिते आहे, कुठं कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

काका म्हणजे माझ्या आईच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचं घर तिसगावजवळ, शेतीचं. घरातून कॉलेजला गेलेली मीच पहिली, आणि बी.एस्सी.साठी नगरला मावशीकडे राहते. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर काचेआड माईक धरून कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते सांगणारे. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या महेशदादानं, त्यांच्या मुलानं, आपला जुना कॉम्प्युटर त्यांना आणून दिला. घरात टेबल नव्हतं. मावशीचं पायानं चालवायचं शिलाई मशीन होतं, त्याचं डोकं आत मिटवलं की वर सपाट फळी व्हायची. त्या फळीवर कॉम्प्युटर बसला, शेजारी विमान वळवायची दांडी आली, आणि काका विमान चालवायला लागले.

मला आधी तो पोरांचा खेळ वाटला होता. काकांना खेळ म्हटलेलं आवडत नसे, पण त्यांच्याइतका त्याचा आनंद घेताना मी कुणालाच पाहिलेलं नाही. संध्याकाळचा चहा झाला की ते चष्मा पुसायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि एका पंख्याचं छोटं विमान घेऊन निघायचे. मोठं विमान त्यांना नको असायचं, त्यातून खालचं काही नीट दिसत नाही म्हणायचे. विमान वळायला लागलं की त्यांचे पाय आपोआप मशीनच्या पायट्यावर दाबले जात, आणि खालचं चाक कुरकुरत फिरायचं. आत काही शिवलं जात नसलं तरी तो आवाज आला की मावशी स्वयंपाकघरातून म्हणायची, "वळले वाटतं." एकदा त्यांनी मला करंजी घाटावरून तिसगावकडे नेलं. खाली तपकिरी तुकडे, एक ओढा, रस्त्याची रेघ. मी आमचं घर शोधत होते. "घर दिसत न्हाई एवढ्या वरून," ते म्हणाले, "पण हाय तिथं, काळजी करू नको." मग शिर्डीला उतरायचे. आपल्या जिल्ह्यातला विमानतळ म्हणून त्याचा त्यांना अभिमान होता. चाकं टेकली की मागं वळून, न दिसणाऱ्या लोकांना सांगायचे, सावकाश उतरा, सामान विसरू नका. खऱ्या विमानात ते कधीच बसले नाहीत. महेशदादानं तिकीट काढतो म्हटलं तर नको म्हणाले. तिथं नुसतं खिडकीतून बघायचं, चालवू कोण देतंय, असं त्यांचं म्हणणं.

इंटरनेटवर या छंदाच्या लोकांचं एक जाळं आहे. त्यात काहीजण विमानं चालवतात आणि काहीजण जमिनीवरचे नियंत्रक होऊन त्यांना आवाजानं सूचना देतात. पलीकडचा माणूस कुठल्या गावचा, कुठल्या देशाचा, काही कळत नाही. काकांचं इंग्रजी पाथर्डी तालुक्याचं होतं, पण ते बिचकत नसत. नियंत्रकानं सूचना दिली की ती वैमानिकानं जशीच्या तशी परत म्हणायची, आणि मग नियंत्रक 'बरोबर' म्हणणार, तोवर गोष्ट पुरी झाली असं धरायचं नाही. काका या एका रिवाजाच्या प्रेमात पडले होते. "स्टँडवर मी ड्रायव्हरला सांगायचो, गाडी तीन नंबरला लाव," ते म्हणायचे. "तो मान हलवायचा आन् पाचला लावायचा. सगळी माणसं पिशव्या घेऊन इकडून तिकडं पळायची. मान हलवनं म्हंजी उत्तर न्हाई, बाळ." जन्मभर सूचना देणारा माणूस आता तितक्याच मनापासून सूचना ऐकत होता, याची मला फार गंमत वाटायची.

ही शिस्त त्यांनी घरात आणली. मी 'तिसगाव' झाले आणि मावशी 'टॉवर', म्हणजे विमानतळावरची नियंत्रक, कारण तिच्या परवानगीशिवाय घरात काही हलत नसे. टॉवरनं बाजारातून काय आणायचं ते सांगितलं की मी दारात उभं राहून सगळं परत म्हणायचं. आतून काका ओरडायचे, "बरोबर." मावशीला हे सगळं थेर वाटायचं. घराचा इमानतळ केलाय आन् आमटी अजून मीच ढवळतीय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि स्वतः मात्र कधी काही परत म्हणाली नाही.

मी मात्र मान हलवणारीच होते. वर्गात समजलं नाही तरी मान हलवायची, म्हणजे पुढचा प्रश्न येत नाही. काकांनी मला कधी रागावून सुधारलं नाही. उलट एकदा मलाच विचारलं की पंख वर का उचलला जातो. मी कागदाची पट्टी ओठांशी धरून फुंकर मारून दाखवली, अडखळत समजावलं. त्यांनी ते सगळं मला त्यांच्या शब्दांत परत सांगितलं, एका ठिकाणी चुकले, मी दुरुस्त केलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. माझं बोलणं कुणी इतकं नीट धरून ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याच दिवशी त्यांनी आणखी एक शब्द सांगितला. सूचना पाळणं शक्य नसेल तर वैमानिक 'अनेबल' म्हणू शकतो. मला जमणार नाही, एवढंच. नियंत्रक त्यावर चिडत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आप्पा, माझे वडील, एक दिवस नगरला आले. काका तेव्हा हवेत होते. आप्पांनी चहाची बशी हातात घेतली आणि भिंतीकडे पाहत बोलले. "तुझ्या आईची कंबर तिला उठू देत न्हाई. घरी तुझ्या वहिनीचे दिवस भरत आलेत. घरात मानूस पायजे. हे प्रॅक्टिकलचं सोड, गावाकडं ये आन् बी.ए. बाहेरून कर. डिग्री ती डिग्रीच असती." त्यात खोटं काहीच नव्हतं. आईचे हाल मलाही माहीत होते. मी मान हलवली.

काकांनी नियंत्रकाचा निरोप घेतला, हेडफोन काढून मशीनवर ठेवला. विमान अर्ध्या वाटेत सोडलेलं मी तेव्हाच पाहिलं. "तिसगाव," ते म्हणाले, "मान हलली, ऐकू काय आलं न्हाई. परत सांग, काय ठरलं?"

मी म्हणाले, "बी.एस्सी. सोडायचं. प्रॅक्टिकल बंद. गावाकडं यायचं. बी.ए. बाहेरून करायचं."

"व्हय, बरोबर," आप्पा हळूच म्हणाले.

आपल्याच आवाजात ते ऐकल्यावर मला ते पहिल्यांदा कळलं... काका काही सुचवत नव्हते, नुसते बसले होते. मी म्हणाले, "आप्पा, मला हे जमणार नाही."

आप्पांनी काकांकडे पाहिलं. "अण्णा, पोरीला इमान शिकवताय का उलट बोलाय?"

"उलट कुठं बोलली? जमत न्हाई म्हनली," काका म्हणाले. "आमच्यात वरचा इमानवाला असं म्हनला की खालचा इचारतो, मग तुझं काय म्हननं हाय. तुमी इचारा."

आप्पांनी बशीतला उरलेला चहा संपवला. मग खरंच विचारलं, "मग तुझं काय म्हननं हाय?" आमच्या घरात हा प्रश्न मला याआधी कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, शनिवारी प्रॅक्टिकल झालं की येईन, धुणं-दळण, आठवड्याचं सगळं करून ठेवीन, सोमवारी पहिल्या गाडीनं परत जाईन. बाळंतपणाचं काय, असं आप्पा म्हणताहेत तोच मावशी दारात आली. "त्याला मी येते महिनाभर. यांचं पोट इमानात भरंल." आप्पा हसले. मग बोटांवर मोजत म्हणाले, "म्हंजी शनवारी येनार, सोमवारी जानार, बाळंतपनाला अक्का येनार."

"बरोबर," काका म्हणाले, आणि हेडफोन उचलला.

मावशी खरंच महिनाभर राहून आली. मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. काकांच्या तेराव्याला आप्पा बाकीच्यांपासून लांब, त्या मशीनसमोरच्या खुर्चीवर बसले होते. पाय पायट्यावर होते, चाक हळूहळू फिरत होतं. महेशदादा कॉम्प्युटर पुण्याला नेतो म्हणाला, मावशी नको म्हणाली. रोज सकाळी त्याचा पडदा आणि दांडी ती स्वतः पुसते.

परवा मी बाजाराला निघाले. मावशी आतून म्हणाली, कोथिंबीर आण, दही आण, काड्यापेटी संपलीय. मी मान हलवून चपला घातल्या. कुणासाठी परत म्हणायचं, असं वाटलं. दार लोटणार तेवढ्यात ती हातातली पळी घेऊन बाहेर आली आणि मशीनजवळ थांबली.

"परत म्हन की," ती म्हणाली.

मी म्हणाले, "कोथिंबीर, दही, काड्यापेटी."

मावशीनं एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं.

"बरोबर," ती म्हणाली, आणि आत गेली.