वीतभर खाली

रंगारीण मनाने चांगली होती, हे तिच्या जावेलाही कबूल करावं लागे, आणि जाऊ काही उगाच कुणाचं कौतुक करणाऱ्यांतली नव्हती. पण एका माणसापुरता तो चांगुलपणा बंद होता. त्या माणसावर रंगारणीने एकवीस वर्षं डूख धरला होता, आणि आज सकाळी रंगाचे दोन डबे, ब्रश आणि पाण्याची नळी घेऊन ती त्याच्याच दारात उभी होती.

ही वेळ आपसूक आलेली नव्हती. समुद्राकडच्या घरांच्या भिंतींवर पुराच्या रेषा ओढायचं काम नगरपालिकेने काढलं, तेव्हा हीच गल्ली तिने मुकादमाकडून मागून घेतली. आणि आज सकाळी जावेला, जी एरवी नळीचं दुसरं टोक धरायची, तिने मागच्या गल्लीत पिटाळलं. "तिथल्या भिंती खरवडून ठेव. इथलं माझं मी बघते." जावेने एकवार तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने निघून गेली.

रंगाचं काम ती बापाकडून शिकली. पुढे वीजघराचं उंच धुराडं रंगवायचं काम मिळालं. कमरेला पट्टा, खाली सगळं शहर, आणि दर तीन वर्षांनी धुराड्यावर एक पट्टा लाल, एक पांढरा. मग शहराने धूर कमी करायचा ठरवला. बस बॅटरीवर आल्या, पावाच्या भट्ट्या विजेवर गेल्या, वीजघर बंद झालं. ज्या धुराड्याने समुद्र फुगवायला हातभार लावला, त्यालाच आपण वीस वर्षं नटवत होतो, हे तिला तेव्हा कळलं. स्वतःवर ती पोटभर हसली आणि दुसऱ्या कामाला लागली.

दुसरं काम म्हणजे या रेषा. प्रत्येक घरात दोन. शहराने धुराबाबत दिलेला शब्द पाळला, तर तीस वर्षांनी वादळात पाणी कुठवर चढेल, ती निळी. नाही पाळला, तर कुठवर, ती लाल. लाल रेषेच्या खाली कुणी झोपायचं नाही, विजेचं बटण ठेवायचं नाही, असा नियम होता. ज्याची खाट खाली येईल, त्याने वरच्या मजल्यावर जायचं.

उंची मोजायला यंत्रबिंत्र लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी खांबावर पितळी पट्टी ठोकलेली होती, तिच्यावर दोन खाचा. पारदर्शक नळीत पाणी भरायचं. एकाने एक टोक खाचेशी धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक घरातल्या भिंतीशी. नळी वरखाली करता करता खांबावरचं पाणी खाचेला लागलं, की तिथल्याने ओरडायचं "आलं!" आणि आतल्याने खडूने खूण करायची. गवंडी हेच करतात. पाणी खोटं बोलत नाही. खोटं बोलायचंच असेल, तर ते ओरडणाऱ्याला बोलावं लागतं.

आज ज्याच्या दारात ती उभी होती, तो साहेब तसं बोलला होता. तो तेव्हा नगरपालिकेत इंजिनिअर होता. बंदरामागच्या खालच्या गल्लीत पाणी शिरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मोजणीला आला. भुरभुर चालू होती. जीपमधून उतरलाही नाही. काच चार बोटं खाली करून त्याने विचारलं, "किती आलं होतं?" रंगारणीच्या आईने मांडीला हात लावून दाखवला. साहेबाने कागदावर लिहिलं, "घोट्याइतकं," आणि काच वर गेली. त्या एका शब्दाने गल्लीचं नाव पाणी उपसायच्या पंपांच्या यादीतून गळलं. दोन वर्षांनी पुन्हा पाणी आलं. आई खुबा मोडून बुटक्या खाटेवर पडलेली होती. रंगारीण धुराड्यावर होती. ती धावत घरी पोचली, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आईची उशी दाराशी तरंगत होती. त्या दिवसापासून त्या माणसाचं नुसतं नाव निघालं तरी हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तेव्हा आजचा बेत सरळ होता. त्याच्या घरातली लाल रेषा वीतभर खाली ओढायची. त्याला सांगायचं, झोपा निवांत. येऊ दे मग एक वादळ. चूक म्हणून सहज खपली असती.

साहेब आता म्हातारा झाला होता. गुडघे गेलेले, म्हणून खालच्याच खोलीत खाट, खाटेशेजारी रस्त्यावर उघडणारी खिडकी. सुनेने दार उघडलं तसा तो आतूनच बोलू लागला.

"बाई, जरा समजून घ्या. वरची खोली म्हणजे बिनखिडकीचा माळा आहे नुसता. इथे खिडकीतून चार माणसं दिसतात, हाक मारतात. एकदा वर टाकलं की माणूस संपला."

"मी काय करणार साहेब? पाणी जिथे थांबेल तिथे रेषा."

"थोडं इकडेतिकडे होतंच की," तो हळूच म्हणाला. "मी स्वतः या खात्यात होतो. मला का माहीत नाही?"

रंगारणीने नळी उलगडली. मग म्हणाली, "माझी जोडीदारीण आज नाही. दुसरं टोक तुम्हालाच धरावं लागेल. खांबापाशी चला."

सुनेने खांबाजवळ खुर्ची ठेवली. साहेब काठी टेकत गेला आणि नळी पट्टीशी धरून बसला. निळी रेषा झाली, ती खाटेच्या बऱ्याच खाली होती. मग लाल. रंगारीण आत नळी वर सरकवू लागली. काल शेजारच्या घरात लाल रेषा बरोबर खिडकीच्या खालच्या कडीशी आली होती, आणि ही दोन्ही घरं एकाच गवंड्याने बांधलेली. कडी अजून वीतभर वर होती, तोच बाहेरून आवाज आला.

"आलं! आलं!"

ती थबकली. लबाडी तिने करायची होती, ती त्यानेच करून टाकली. वर हिच्या हाताला डागही नाही. तिने खडूने खूण केली. खूण खाटेच्या लाकडाच्या दोन बोटं खाली पडली.

साहेब जवळजवळ पळतच आत आला. खूण पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. "बघ, सूनबाई! खाटेच्या खालीच! सांगत नव्हतो मी?" त्याने खाटेवर बसून गादीवर दोनदा थाप मारली. डोळ्यांत पाणी आलं होतं बिचाऱ्याच्या. "चहा टाक बाईंना."

रंगारीण ते तोंड बघत राहिली. एवढं समाधानी तोंड तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मग तिला उमगलं. हे लाल पाणी येणार तीस वर्षांनी, तेही आलं तर. हा म्हातारा त्याच्या कितीतरी आधी, याच खिडकीशी, याच गादीवर, सुखाने डोळे मिटणार. खोटी रेषा हा सूड कुठला? हे तर बक्षीस. आईला मारलं त्याचं बक्षीस, आणि तेही हिच्याच खडूने! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चहा नंतर," ती म्हणाली. "मोजणी दोन्हीकडून करायची, असा नियम आहे. आता तुम्ही आत धरा, मी खांबाशी जाते."

"कशाला? झालं ना एकदा."

"खात्यात होतात ना साहेब तुम्ही? मग नियम माहीत असेलच."

ती बाहेर गेली. खिडकीतून तिला तो दिसत होता, खाटेवर बसलेला, हातात नळी, शेजारी सून. "वर घ्या," ती ओरडली. "आणखी वर. आणखी." पाणी त्याच्या खाटेवरून वर चढलं, गादीवरून चढलं, उशी ओलांडून गेलं आणि खिडकीच्या कडीशी येऊन थांबलं.

"आलं!" ती ओरडली. अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल. "तिथे खूण करा, साहेब. तुमच्या हाताने."

त्याचा हात हलेना. सून एकदा वरच्या पाण्याकडे, एकदा खालच्या खडूकडे पाहत होती.

"बाबा, मघाशी तुम्हीच म्हणालात ना, आलं म्हणून?"

सुनेने खडू त्याच्या बोटांत दिला. त्याने खूण केली. खूण थोडी वेडीवाकडी झाली, पण जागेवर झाली. रंगारणीने आत येऊन ब्रश बुडवला आणि खालची खोटी खूण ओल्या फडक्याने पुसून उशीच्या वरून लाल रेषा ओढली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसरा हातही मारला, नियमात नव्हता तरी.

"माझ्या आईची खाट याहून बुटकी होती," ब्रश पुसत ती म्हणाली. "बंदरामागच्या खालच्या गल्लीत. तिने मांडी दाखवली, तुम्ही घोटा लिहिलात. काचेआडून."

साहेबाने आठवायचा खरंच प्रयत्न केला. "तेव्हा किती गल्ल्या होत्या, बाई... मला नाही आठवत."

इतकी वर्षं तिने या क्षणाची वाट पाहिली होती, आणि याला आठवतच नव्हतं. तिला वाटलं, रंगाचा डबा त्याच्या डोक्यावर पालथा करावा. तिने केला नाही.

"नसू दे. मला आठवतं."

"मग तू खालचीच का नाही ठेवलीस?" त्याचा आवाज फुटला. "तुला तर बरंच झालं असतं. मेलो असतो मी."

"या खिडकीशी सुखात मरून सुटला असतात," ती म्हणाली. "आता वर जा. खिडकी नसलेल्या खोलीत बसा, आणि खूप वर्षं जगा."

सून खाटेवरची चादर काढायला लागली होती. तिने सासऱ्याकडे पाहिलंही नाही. रंगारणीने पिशवीतून नोंदवही काढली आणि घराच्या नावापुढे दोन्ही उंच्या लिहिल्या. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तो ती कधी भरत नसे. आज तिने पेन नीट धरलं आणि लिहिलं: लाल रेषेची मोजणी दोनदा. पहिल्या वेळी घरमालकाने वीतभर खोटं सांगितलं. दुसऱ्या वेळी आपल्या हाताने खूण केली, या वेळी जीपमधून उतरून.

मग वही त्याच्यापुढे धरून ती म्हणाली, "सही करा."