पोलब्युर्गरांच्या टेबलाशी दहावी खुर्ची

आमच्या जर्मन गावात म्हणतात, हांकेबाई थडग्यांवरचे दगड चोरते. मलाही आधी तसंच वाटायचं. तिच्या अंगणातल्या पायवाटेवर पाय टाकला की खाली कुणाचं तरी आडनाव येतं, मग काय वाटणार?

चोरी नव्हती. इथं थडग्याची जागा तीस वर्षांसाठी मिळते. मुदत संपली आणि घरच्यांनी वाढवली नाही, की दगड काढून टाकतात. दफनभूमीत चाळीस वर्षं माळीकाम केलेल्या रोट्राउट हांकेनं ते रीतसर विचारून घरी आणले. पण महायुद्धानंतर पूर्वेकडच्या सायलेशियातून जर्मनांना हाकललं, तेव्हा सव्वा वर्षाची ती आईबरोबर हातगाडीत बसून आली, म्हणजे बाहेरची. अशा माणसानं विचारून नेलं तरी गाव आपले खिसे चाचपतं.

तिला एकच हवं होतं. दर जानेवारीत माझ्या आईच्या खाणावळीत पोलब्युर्गर, म्हणजे गावातले अस्सल जुने लोक, केलची पालेभाजी आणि सॉसेज खायला बसतात. त्या टेबलाशी खुर्ची. तिची आई ‘बाहेरची’ म्हणूनच जगातून गेली. तिला तसं जायचं नव्हतं.

“मिळायची नाही,” मी म्हणाले.

“लाव पैज. हरलीस तर ईस्टरपर्यंत दर शनिवारी माझ्या दारापुढचा रस्ता झाडायचास.”

“लावली!”

जेवणाच्या रविवारी दुपारी ती खाणावळीत त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. अध्यक्ष टेरहारसाहेब खाकरल्याशिवाय वाक्य सुरूच करत नाहीत.

“ख्खं! बाई, पोल म्हणजे खुंट. ख्खं! गावाभोवती खुंटांचं कुंपण होतं. आत राहायचे ते पोलब्युर्गर.”

“जुन्या कागदांत उलटं आहे, साहेब. कुंपणाबाहेर राहूनही ज्यांना गावाचा हक्क मिळाला, ते.”

“कुठले कागद? कुणी दाखवले तुम्हाला? ख्खं! नियम सांगतो. आजोबांचा दगड गावच्या दफनभूमीत उभा पाहिजे. आहे तुमचा?”

“नाही. तुमचा?”

“आहे की! काळा ग्रॅनाइट!”

“शेवटचं कधी गेला होतात?”

साहेब खाकरायचे विसरले. शेजारी बसलेल्या भावाकडं वळले. “मुदत तू वाढवलीस ना?”

“मी? मला वाटलं, तू.”

“अकरा वर्षं झाली काढून,” बाई म्हणाली. “माझ्या पायवाटेत आहे, रोज पुसते. बाकीच्यांचंही सांगू?”

नऊही जण एकमेकांकडं चोरून बघायला लागले. नियम पाळायचा तर टेबलाशी कोण उरणार होतं? टेरहारसाहेबांनी पायानंच एक खुर्ची पुढं सरकवली.

“बसा. भाजी गार होतेय.”

आता दर शनिवारी मी झाडते आणि बाई पडद्याआडून टपून असते.

“गटाराच्या जाळीत ढकललास ना गं कचरा? बघितलं मी!”